लेबल लावल्याशिवाय रडू नये

आमच्या बुलढाणा जिल्ह्यात गजानन किती, हे मोजायच्या भानगडीत कुणी पडू नये. शेगाव जवळ, त्यामुळे घरटी एक तरी निघतोच. आमच्या धामणगाव बढ्याच्या कॉलेजातच तीन होते, एक क्लार्क, एक शिपाई आणि एक रसायनशास्त्राचा. स्टाफरूममध्ये "गजानन सर" म्हटलं की शिपाईसुद्धा आनंदानं मान वर करायचा. 'लेबल सर' म्हटलं की मात्र एकच जण मान वर करायचा, तीही रागानं. हे सगळं त्याच्याबद्दल आहे. तोंडावर मी त्याला अहोजाहो करायचो, पण मनात तो पहिल्या दिवसापासून नुसता गजानन होता.

तो पहिला दिवस सांगतोच. मी मराठी शिकवायला नवीन रुजू झालो होतो. बाहेर ऊन मी म्हणत होतं आणि स्टाफरूमच्या कोपऱ्यात एक लुकडा माणूस पूर्ण बाह्यांचा काळा शर्ट घालून, कानात इअरफोन खुपसून बसला होता. केस मात्र असे चापून बसवलेले की भांगावर फूटपट्टी ठेवून घ्यावी. इअरफोनमधून बारीक आवाज बाहेर येत होता. विहिरीत पडलेला माणूस मदतीला हाका मारतोय आणि वर कुणी तरी पत्र्याचं कपाट ओढतंय, असं काहीसं. नवीन जागी ओळख वाढवावी म्हणून मी म्हटलं, "काय ऐकताय सर? दुःखी गाणं दिसतंय."

त्यानं एक इअरफोन काढला. मागच्या खिशातून कंगवा काढला, भांग होता तिथंच पुन्हा पाडला, कंगवा खिशात ठेवला आणि मग विचारलं, "दुःखी म्हंजे काय?"

"म्हणजे... दुःखी."

"उदास? खिन्न? विषण्ण? भकास? का नुसतं भेसूर? तुमी मराठीचे ना सर? मंग अशे ठोक शब्द काऊन वापरता? किरकोळीत बोला ना."

बोला! एम.ए. मराठी मी, आणि हा ॲसिडच्या बाटल्या पुसणारा मला उदास आणि खिन्न यांतला फरक विचारतोय. बरं, मला तो पटकन सांगता येईना, ही आणखी पंचाईत. त्या दिवशी तास संपेपर्यंत मी ऐकून घेतलं आणि घरी जाताना ठरवलं, या माणसाच्या वाटेला जायचं नाही. ठरवलेलं कुठलं पार पडतंय? पुढची कैक वर्षं आमच्या खुर्च्या शेजारी शेजारी होत्या.

हे खूळ त्यानं शिकताना होस्टेलातून आणलं होतं. त्याच्या खोलीत मेघालयातला एक मुलगा होता, तो गिटार वाजवायचा आणि काळोख्या रॉकच्या टेप लावायचा. बाकीची पोरं कॉलेजातून डिग्री घेऊन आली, गजानन डिग्रीसोबत काळ्या शर्टांचा गठ्ठा घेऊन आला. ते एक वेळ ठीक. कुणाला कशाची आवड असेल, आपण कोण बोलणारे? पण या गड्याला गाणं ऐकण्यात जेवढा रस, त्याच्या दसपट रस ते कुठल्या खणात ठेवायचं यात. बारावीच्या पोरांकडून तो प्रॅक्टिकलला मीठ, म्हणजे अनोळखी क्षार, ओळखून घ्यायचा, आधी प्राथमिक चाचणी, मग गट, मग निश्चिती चाचणी. गाण्यालाही तेच. आधी वेग तपासायचा, मग गिटार किती खरखरते ते, मग गायक कण्हतो की ओरडतो ते. शेवटी निकाल लागायचा. निकाल लागेपर्यंत गाणं आवडलं की नाही हे विचारायची सोय नव्हती.

एकदा मीच डिवचलं. म्हटलं, "सर, सगळे एकच दळण दळतात. उगीच कशाला इतकी नावं?"

कंगवा निघाला. भांग पडला.

"ऐका. गॉथिक म्हंजे मानूस रडून राह्यला, पन केस विंचरून, चांगले कपडे घालून, खिडकीत उभा राहून. डूम म्हंजे रडून राह्यला, पन केस विंचराची ताकद नाही. अन् ब्लॅक मेटल म्हंजे त्याले रडूच येऊन नाही राह्यलं, म्हून थो ओरडून राह्यला."

"आणि ते दुसरं, डार्कवेव्ह?"

"थो रडता रडता नाचून राह्यला."

"आणि पोस्ट-पंक?"

"त्याले रडाचं आहे, पन लोकं काय म्हनतील म्हून नुसते पाय आपटून राह्यला."

खरं सांगतो, मी मनातल्या मनात हात जोडले. अशी व्याख्या मला माझ्या विषयात एकही करता आली नाही. स्टाफरूममध्ये ती फार चालली. परीक्षेचे पेपर तपासायला आले की भूगोलाच्या मॅडम म्हणायच्या, "आज माझं डूम आहे हं, कोणी बोलू नका."

पण व्याख्या करणारा माणूस व्याख्येतच राहायला गेला की अवघड होतं. त्याच्या प्रयोगशाळेत लेबल नसलेली बाटली पाच मिनिटं टिकत नसे. प्राचार्य एकदा हिवरा आश्रमाला गेले होते, तिथं भेटलेल्या कुणा ओळखीच्यानं त्यांना गुडघ्याचं तेल दिलं. परतल्यावर ते राउंडला प्रयोगशाळेत आले, बाटली टेबलावर ठेवून बोलत उभे राहिले आणि विसरून गेले. गजाननानं तेल सरळ मोरीत ओतलं. प्राचार्य लंगडत परत आले तोवर बाटली धुऊन, वाळत घालून झाली होती.

"अहो, निदान वास तरी घ्यायचा!" प्राचार्य कळवळले.

"लेबल नव्हतं सर," गजानन म्हणाला. पश्चात्ताप तर नाहीच, उलट प्राचार्यांनाच समज दिल्याचा सूर. लेबल सर हे नाव त्याच आठवड्यात पडलं.

त्याहून मोठी तऱ्हा पिंपळगाव राजाला झाली, त्याच्या मेहुण्याच्या लग्नात. वरातीच्या गाण्यांचा पेनड्राइव्ह द्यायचं काम यानं हौसेनं घेतलं आणि निघताना घाईत भलताच खिशात टाकला. डीजेवाल्यानं तो लावला. गाणं सुरू झालं ते इतकं संथ की दोन ठोक्यांच्या मध्ये माणूस पान खाऊन घेईल. तरणी पोरं बावचळली. पण लग्नात नाचायचं ठरवून आलेल्या माणसाला कोण थांबवणार? म्हाताऱ्या मंडळींना तो वेग भलताच मानवला. एक आजोबा काठी उंच करून डुलत म्हणाले, "लय दिसानं आपल्या वयाचं गानं लावलं बावा." वरात मजेत चालली होती. घोटाळा त्या गाण्यानं झालाच नाही. नवरीच्या काकानं खुशीत येऊन विचारलं, "जवाईबापू, कोनत्या टाइपचं गानं आहे हे?" आणि आमचा शहाणा खरं बोलला. म्हणाला, "याले फ्यूनरल डूम म्हन्तात. फ्यूनरल म्हंजे अंत्ययात्रा."

पुढचं काय सांगावं! मांडवात जाईपर्यंत काकांची समजूत घालायला दोन्हीकडची वडीलधारी लागली. वहिनी, म्हणजे गजाननाची बायको, माहेरच्या लोकांपुढे तोंड लपवत फिरत होत्या. आणि याची तक्रार काय, तर लोकांनी फ्यूनरल डूमवर नागीन डान्स केला.

"तुम्ही नुसतं गाणं आहे म्हणाला असता तर?" मी नंतर विचारलं.

"मंग खोटं बोललो असतो," तो म्हणाला.

त्याची आई फार गोड बाई होती. ओसरीवर डाळ निवडत बसायची. आत कुणी तरी गोरा माणूस नरड्याच्या शिरा ताणून ओरडत असायचा आणि ती शांतपणे विचारायची, "गजानना, त्या मानसाचा घसा बसला व्हय? जेष्ठमध चघय म्हना त्याले." गजानन तिच्यापुढे मात्र व्याख्या करायचा नाही. "हाव, सांगतो," म्हणायचा आणि आवाज कमी करायचा.

आता संजू. संपूर्ण जिल्ह्यात हे संगीत मन लावून ऐकणारी माणसं माझ्या माहितीत दोन, एक गजानन आणि दुसरा हा. शाळेपासूनचे जोडीदार. गावाबाहेर संजूचा मळा, वांगी, मेथी आणि मिरची. गजाननानं त्याला गाणी ऐकवली, संजूनं मिरचीचा एक तोडा विकून बेस गिटार आणली आणि विहिरीवरच्या मोटारीच्या खोलीत बसून शिकला. आठवडी बाजारात तो सुरुवातीला कवटी छापलेला काळा टी-शर्ट घालून बसायचा. पण फवारणीच्या औषधाच्या डब्यावर तीच कवटी असते. बाया वांगी हातात घ्यायच्या, त्याच्या छातीकडे बघायच्या आणि म्हणायच्या, "काऊन रे, आत्ताच औषध मारून आणली का?" धंदा बसायची वेळ आली. तेव्हापासून संजू बाजाराच्या दिवशी टी-शर्ट उलटा घालायचा. शिवण बाहेर, कवटी आत.

बाजारात गजानन त्याच्या ढिगाशेजारी पोत्यावर बसायचा आणि दोघं भांडायचे. गिऱ्हाईक तराजूकडे बघत ताटकळायचं.

"डार्कवेव्ह आहे बे थे."

"गॉथिक रॉक आहे. ड्रम पाह्य ना."

"ड्रमचं काय घेऊन बसला, आवाज आइक त्याचा."

"अरे बावा, मेथी देतं का मी जाऊ?" हे गिऱ्हाईक.

ही भांडणं म्हणजे त्यांचं जेवण होतं. वहिनी म्हणायच्या, "यायले सवत आनाची गरजच नाही पडली, मले संजूभाऊ हायेतच."

एका दिवाळीनंतर संजूची आई गेली. अचानकच गेली. संजूनं डोकं उतरवलं, तेरवी केली आणि मळ्यावर गेला तो पुढच्या बाजाराला आलाच नाही. आला तेव्हा गाणं घेऊन आला. त्याची आई दुपारी मळ्याच्या बांधावर उभी राहून त्याला जेवायला हाका मारायची, "संज्या, भाकर थंडी होऊन राह्यली, ये." बस, तेवढीच ओळ. तीच फिरून फिरून यायची.

एका रविवारी आम्ही ते प्रयोगशाळेत रेकॉर्ड केलं. आम्ही म्हणजे ते दोघं, मी फक्त पेटीचा हमाल. मारुतीच्या देवळातल्या भजनी मंडळाची पेटी मागून आणायला त्यांना मराठीचा मास्तर लागला, काळ्या शर्टाला कुणी पेटी दिली नसती. गजानन पेटीवर एकच सूर धरून बसला, संजूनं बेस घेतली, ठोका कॉम्प्युटरमधून आला. संजूच्या डोक्यावर क्रिकेटची टोपी होती. तो पहिल्यांदा हळू म्हणाला, मग आवाज चढत गेला, आणि शेवटी शेवटी नुसतं "ये, ये" एवढंच राहिलं. एकदाच झालं. दुसऱ्यांदा करू या असं म्हणायची कुणाची हिंमत नव्हती. मी खिडकीकडे तोंड करून उभा राहिलो. मला रडू आलं, आणि ते कुठल्या प्रकारचं होतं हे मला आजही माहीत नाही.

आणि मागून कंगव्याचा आवाज आला.

"गॉथिक," गजानन म्हणाला.

संजू बेसची वायर गुंडाळत होता. तो म्हणाला, "डूम आहे बे."

"नाही. वेग डूमचा आहे, मान्य. पन हा पेटीचा सूर आइक, चर्चमधल्या बाजासारखा. ही निश्चिती चाचणी. गॉथिकच."

"मी म्हनलं ना डूम आहे."

"तुह्या म्हन्यानं होते का? इंटरनेटवर टाकाचं आहे, तथी प्रकार लिहा लागते. चुकीचं लेबल मी लावू देनार नाही."

संजूनं वायर खाली ठेवली आणि टोपी काढली. डोक्यावर नुसते खुंट उगवले होते. तो गजाननाच्या पुढ्यात जाऊन वाकला.

"गॉथिक म्हंजे केस विंचरून रडते, तूच म्हनतं ना? घे. विंचर. माही माय मेली अन् मी केस विंचरून रडलो असं म्हनाचं आहे ना तुले? घे ना बे, विंचर!"

या जागी कुठलाही माणूस काय करील? मिठी मारील, माफी मागील, काही नाही तर गप्प तरी बसेल. आमचा गजानन म्हणाला, "थो मुद्दा येगळा आहे."

संजूनं बेस पाठीला लावली आणि निघून गेला. गाणं गजाननाच्या कॉम्प्युटरमध्ये राहिलं.

त्यानंतर दोघांचं बोलणं बंद. चुकून समोर आले तर एक जण रस्ता बदलायचा. जिल्ह्यात ऐकणारे दोनच, आणि त्यांनीही दोन चुली मांडल्या! वहिनींनी डोक्याला हात लावला. गजाननाची आई दर बाजाराला विचारायची, "थो भाजीवाला पोट्टा काऊन येत नाही रे?" गजानन म्हणायचा, "कामात आहे." संजू मात्र दर बाजाराला मेथीची एक जुडी माझ्या पिशवीत टाकायचा. "हे त्याच्या मायले द्या सर. त्याले नाही, मायले." मी मेथी पोचवायचो. गजानन ती खायचा, प्रकार न विचारता.

वर्ष होत आलं. संजूनं बाजारात मला बाजूला घेतलं. म्हणाला, "सर, मले त्या नावाचं आता काही नाही. त्यानं भजन म्हनलं तरी चालते. मायच्या वर्षश्राद्धाले थे गानं लावाचं आहे. बाबानं अजून आइकलं नाही. मी बाबाले सांगून ठेवलं, लावतो म्हून. तेवढं आनून द्या."

"पुन्हा म्हण की त्या दिवशी. तोंडपाठ तर आहे."

"थे पुन्हा म्हनता नाही येत सर," तो म्हणाला.

मी तडक गजाननाच्या घरी गेलो. त्यानं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाला, "लेबल नसलेली बाटली मी कोनाच्या हातात देत नाही. त्यानं फक्त एक डाव म्हनाव, गॉथिक आहे म्हून. लगेच देतो."

"अहो, त्याच्या आईचं वर्षश्राद्ध आहे!"

"मंग त्याले समजाले पायजे ना, का चुकीचं नाव देऊन आपन त्या गान्याचा अपमान करून राह्यलो."

आतून वहिनी कडाडल्या, "त्या कॉम्प्युटरले मीच आग लावीन एक दिवस!" ओसरीवरून आई म्हणाली, "दे ना रे गजानना, काय मांगून राह्यला पोट्टा?" तिला पुरतं काही कळलं नव्हतं, पण कळायचं तेवढं कळलं होतं. गजानन "हाव, पाह्यतो," म्हणाला आणि पाहिलं काहीच नाही.

वर्षश्राद्ध झालं. भजनी मंडळ आलं, तीच पेटी आली, पंगत उठली. संजूचे वडील खुर्चीवरून हलेनात. कान जरा मंद, म्हणून त्यांनी खुर्ची मुद्दाम पुढे घेतली होती. त्यांनी विचारलं, "झालं का तुह्यं गानं? का मलेच आइकू नाही आलं?" संजू म्हणाला, "नाही बाबा. मशीन खराब आहे." म्हातारा "बरं" म्हणाला आणि आणखी थोडा वेळ तिथंच बसला.

दुसऱ्या दिवशी स्टाफरूममध्ये मी हे जसंच्या तसं गजाननाला सांगितलं. त्यानं कंगवा काढला. असा संताप आला मला, की तो कंगवा हिसकून खिडकीबाहेर भिरकावावा आणि त्यामागोमाग त्यालाही. मी म्हटलं, "सर, तुम्हाला गाणी कळतात. माणसाचं काय ते मात्र कळत नाही." त्यानं भांग पाडला, कंगवा खिशात ठेवला आणि तासावर गेला. त्या तासाला म्हणे त्यानं पोरांकडून एकही मीठ ओळखून घेतलं नाही. पोरांनी सुट्टी मिळाली असं समजून आनंद केला.

मी बोलायचं कमी केलं. संजूची मेथी मात्र येत राहिली.

उन्हाळ्यात गजाननाची आई गेली. दुपारी डाळ निवडता निवडता भिंतीला टेकली ती तशीच. सूप मांडीवर होतं. मी पोचलो तेव्हा गजानन दारात उभा होता, पांढऱ्या शर्टात. पांढरा शर्ट त्याच्याकडे आहे हे मला तेव्हा कळलं. तो रडत नव्हता. येणाऱ्या प्रत्येकाला "या, बसा" म्हणत होता.

दहाव्याला नदीवर गेलो. नदीला पाणी बेताचंच होतं. न्हाव्यानं त्याला समोर बसवलं आणि तो चापून बसवलेला भांग दोन मिनिटांत वाळूत पडला. पिंडदान झालं, कावळाही लवकर शिवला. गजाननानं अंघोळ केली, धुतलेले कपडे घातले आणि सवयीनं मागच्या खिशात हात घातला. कंगवा निघाला. तो त्यानं डोक्यापर्यंत नेला आणि तिथं काहीच नव्हतं.

आम्ही सगळे बघत होतो. कुणी हसलं नाही. तो कंगवा तसाच डोक्याशी धरून उभा राहिला, आणि मग त्याचा चेहरा एकदम मोडला. गुडघ्यांत वाकून खाली बसला आणि असा रडला की न्हावी सामान आवरता आवरता थांबला.

लोकांच्या मागे संजू उभा होता. कधी आला कुणालाच कळलं नव्हतं. तो पुढे आला, डोक्यावरची क्रिकेटची टोपी काढली आणि गजाननाच्या डोक्यावर घातली.

"ऊन लागते बे," तो म्हणाला.

गजाननानं वर पाहिलं. नाक वाहत होतं, डोळे लाल झाले होते, टोपी वाकडी. "संजू," तो म्हणाला, "थे डूमच व्हतं बे."

"राहू दे ना आता. ऊठ."

तेरवी झाल्याच्या दुसऱ्याच सकाळी गजानन लॅपटॉप काखोटीला मारून संजूच्या मळ्यावर गेला. संजूनंच मला सांगितलं. म्हाताऱ्याला खाटेवर बसवून, आवाज पूर्ण वाढवून गाणं लावलं. म्हाताऱ्यानं कानाला हात लावून ऐकलं. संपल्यावर तोच म्हणाला, "अजून एक डाव लाव." असं ते जेवणाच्या वेळेपर्यंत चाललं.

इंटरनेटवरही टाकलं. तिथं प्रकार लिहावाच लागतो, रिकामं सोडता येत नाही. गजाननानं लॅपटॉप संजूकडे सरकवला आणि म्हणाला, "तूच टाक काय थे." संजूला इंग्रजी यादीचा कंटाळा, दिसेल त्यावर त्यानं बोट ठेवलं. ते गाणं आता भक्तिसंगीतात पडलं आहे, दोन आरत्यांच्या मध्ये. लोक ऐकतातही. गजाननाला हे ठाऊक आहे आणि त्यानं ते दुरुस्त केलेलं नाही. माझ्या मते या जिल्ह्यात घडलेला हा एक चमत्कारच, पण त्याला चमत्कार म्हटलं तर तो कोणत्या प्रकारचा, असं विचारील, म्हणून मी बोललो नाही.

पुढे माझी बुलढाण्याला बदली झाली. निघायच्या आधीच्या बाजाराला पिशवी घेऊन संजूकडे गेलो. टी-शर्ट उलटाच होता. शेजारी पोत्यावर गजानन, पुन्हा काळ्या शर्टात. केस बोटभर वाढून साळिंदरासारखे उभे राहिले होते आणि त्यांना कुणी कंगवा लावलेला दिसत नव्हता. छत्रीच्या दांडीला छोटा स्पीकर टांगला होता आणि त्यातून संजूचा आवाज येत होता, "भाकर थंडी होऊन राह्यली, ये."

एक म्हातारी वांगी निवडत होती. निवडता निवडता थांबली. थोडा वेळ ऐकलं, पदरानं तोंड पुसलं आणि गजाननाला विचारलं, "कोनतं गानं आहे हो हे? लय दुःखी आहे."

मी मेथीची जुडी हातात घेऊन जागच्या जागी उभा राहिलो. संजूनं तराजू खाली ठेवला. आता म्हातारीची दुपार गेली, असंच आम्हा दोघांना वाटलं.

"हाव माय," गजानन म्हणाला, "दुःखी आहे." आणि तिच्या पिशवीत एक वांगं वरतून टाकलं.